उजवी नळी

कुरिअरवाला बारा वाजता येणार होता, आणि खेमसिंगने दुर्बीण खोक्यात भरायला घेतलीसुद्धा होती. ही तिसरी. आधीच्या दोन अशाच परत गेल्या होत्या, उजव्या नळीतून धूसर दिसतं म्हणून.

टिपेश्वर अभयारण्याच्या फाटकावर पंधरा वर्षं गाईड असलेल्या माणसाला स्वस्तातली दुर्बीण फसवू शकत नव्हती. पक्षी बघायला आलेले पाहुणेसुद्धा आपल्या दुर्बिणी त्याच्यापुढे धरायचे. सांधा ढिला आहे का, फोकसचं चाक अडखळतं का, हे तो नुसत्या हाताने ओळखायचा. मग रस्त्यापलीकडच्या शेतातलं फुटलेलं बोंड बघायचं. पांढऱ्या कापसाला जांभळी कड दिसली, की काच हलकी. शेवटी एकेक नळी तळहाताने झाकून दुसरीतून बघायचं. ही दुर्बीण नेमकी तिथेच नापास झाली होती, आणि खेमसिंग कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

दीपाने एकदा पाहू का म्हणून विचारलं. ती यंदाच गाईड झाली होती, आणि दुर्बीण पारखायला त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने त्याच क्रमाने सगळं तपासलं. उजव्या नळीतून तिला कापसाला चिकटलेली वाळकी पत्तीसुद्धा स्वच्छ दिसली. तिने तसं सांगितलं.

"तुले अजून पारख नाही आली," तो म्हणाला.

दीपा घुटमळली. ज्याने शिकवलं त्यालाच खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं. पण मग तिने दुर्बीण फिरवून वरची बाजू खाली केली आणि त्याच्या हातात दिली. आता उजवी नळी त्याच्या डाव्या डोळ्यापुढे आली.

"काका, आता पाहा बरं."

खेमसिंगने पाहिलं. नळी तीच, आणि बोंड लख्ख. त्याने ती झाकली आणि चांगल्या, डाव्या नळीतून उजव्या डोळ्याने पाहिलं. कापसावर धुकं होतं. त्याने शर्टाच्या टोकाने काच पुसली. धुकं गेलं नाही.

तो ओट्यावर मटकन बसला. गाईडचे डोळे गेले, की पोट गेलं. दीपा शेजारी बसून सांगत राहिली, की तिच्या आत्याला हेच झालं होतं, मोतीबिंदू निघाला, यवतमाळला ऑपरेशन झालं, आणि आता आत्या सुईत दोरा ओवते.

त्याच्या जुन्या दुर्बिणीच्या काचांना बुरशी होती, म्हणून धूसर दिसण्याचं सगळं खापर वर्षभर तो तिच्यावर फोडत आला होता. ही नवी आली नसती आणि ही पोरगी गप्प बसली असती, तर अजून किती दिवस आंधळेपणाने काढले असते. ऑपरेशन होईपर्यंत तू वापर म्हणत त्याने दुर्बीण दीपाच्या गळ्यात अडकवली.

तेवढ्यात कुरिअरवाला आला. वस्तू परत जाणार नाही म्हटल्यावर तो वैतागला. मोबाईल पुढे धरून म्हणाला, इथे कारण टाकावं लागतं.

"टाक, माल चोख हाये," खेमसिंग म्हणाला. "गिऱ्हाईकच दुरुस्तीले चाललं."