पारण्याची खीर

“मला एक वाटी काढून ठेव ना,” राजेश म्हणाला.

“नैवेद्याची आहे.” दीप्तीने डब्याचं झाकण दाबून बसवलं. “देवाच्या आधी तुला वाढू?”

“नंतरची म्हणतोय गं.”

“उरली तर आणीन.”

गव्हल्यांच्या खिरीचं पातेलं बोटाने निपटून खायची राजेशची लहानपणापासूनची खोड. तो ओट्याकडे वळला. पातेलं घासून पालथंसुद्धा घातलेलं होतं.

“काय घाई गं तुझी!”

“तुझ्या काकूंकडे वकील यायचेत. मृत्युपत्र बदलतायत त्या. मी घाई करायची नाही तर कोणी करायची? तू?”

विमलाकाकूंना मूलबाळ नव्हतं. काका गेल्यापासून मुलुंडच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्याच राहत. इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली, तशी गेल्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी जागा राजेशच्या नावे लिहून ठेवली. तेव्हापासून दीप्तीने एक गुरुवार चुकवला नाही. काकूंचा दत्ताचा उपास संध्याकाळी सुटायचा तो घाटकोपरहून आलेल्या तिच्या खिरीने.

संक्रांतीला जया आली. मालवणकडची, दिवसरात्र घरात राहणारी बाई. आणि शिमग्याच्या सुमारास काकूंना उलट्या सुरू झाल्या. दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टरांना नीट निदान होईना. दीप्तीने मात्र नातेवाइकांत तेव्हाच बोलून दाखवलं होतं, “परक्या बाईच्या हाती स्वयंपाकघर दिलंय. मी आपलं सांगून ठेवते.”

जया स्वयंपाकघरात असली की दीप्तीला चैन पडत नसे. तिने डब्याला हात लावला की दीप्ती पुढे होऊन तो काढून घेई आणि काकूंना स्वतःच्या हाताने वाढी.

मग आषाढी एकादशीला काकूंनी व्रत धरलं. चातुर्मासात परान्न वर्ज्य. दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा नाही. आपला भात आपण लावायचा, आपली पोळी आपण लाटायची. दीप्तीने परोपरीने विनवलं, पण त्या बधल्या नाहीत. आणि श्रावण सरता सरता काकू हिंडू-फिरू लागल्या, पायऱ्या उतरून देवळात जाऊ लागल्या.

“बघा!” दीप्ती फोनवर ज्याला त्याला सांगायची. “जयाच्या हातचं सुटलं आणि काकू उभ्या राहिल्या.”

राजेशलाही ते पटलं होतं. पण काकूंनी जयाला काही काढलं नाही. उलट परवा दीप्तीला त्यांचाच फोन आला.

“द्वादशीला व्रत सुटतंय गं. पारणं तुझ्याच खिरीने करीन म्हणते. वकीलही येतायत. आधी जेवण, मग सही.”

“सही कशाला, काकू? झालंय ना मृत्युपत्र?”

“बदलायचंय थोडं.”

“जयाने काही सांगितलं का तुम्हाला?”

“पानावर बसल्यावर बोलू. आणि पोट रिकामं ठेवून ये हं. द्वादशीला कोणी उपाशी राहायचं नसतं.”

मुलुंडला दार जयाने उघडलं. नवी कोरी साडी, केसांत अबोलीची वेणी. गॅलरीत तुळशीला ऊस बांधला होता, कुंडीपाशी चिंचा-आवळे मांडले होते.

“साडी काकूंनी घेतली वाटतं?”

“होय, ताई.”

“आणखी काय काय देणार आहेत?”

“माका काय म्हायत नाय.” जयाने डब्यासाठी हात पुढे केला.

“राहू दे. मीच देते.”

सोफ्यावर देवव्रत वकील मांडीवर कागद घेऊन बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली.

काकूंनी डबा देवापुढे ठेवला. तुळशीपत्र वाहिलं, पाणी फिरवलं आणि डोळे मिटून हात जोडले. बराच वेळ जोडले. मग त्यांनी जमिनीवर पाट मांडला आणि पुढे केळीचं एकच पान घातलं.

“बस, दीप्ती.”

“अहो, आधी तुमचं पारणं...”

“बस गं.”

दीप्ती बसली. काकूंनी जयाकरवी तिला कुंकू लावलं, ओटी भरली. मीठ, लिंबू, कोशिंबीर, वरण-भात, सगळं स्वतः वाकून वाढलं. शेवटी त्यांनी डबा उघडला, चांदीची वाटी काठोकाठ भरली आणि पानावर ठेवली.

“काकू, ही तुमच्यासाठी आणलीय.”

“मी घेणारच आहे. पण व्रत सोडताना आधी सवाष्ण जेवते. तिने पहिला घास घेतल्याशिवाय मला नाही घेता येत.” काकूंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. “एवढं का तुला ठाऊक नाही?”

दीप्तीने जयाकडे पाहिलं. “मग जयाला बसवा की. तीही सवाष्णच आहे.”

“तिच्या हातचं मी खाल्लेलं तुला चालत नव्हतं. आता तुझ्या हातचं तिला वाढू?”

वकिलांनी हातातले कागद बाजूला ठेवले. जया दाराला पाठ लावून उभी राहिली.

“घे ना,” काकू म्हणाल्या. “चार महिने मी याच पानाची वाट पाहिली.”

दीप्तीचा हात वाटीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

“काकू,” ती म्हणाली, “आज माझा उपास आहे.”

“द्वादशीला?”