मोकळी पाठ

नटीच्या ब्लाउजची मागची हुकं काही केल्या लागेनात. बाहेर ब्लाउजच्या दुकानाच्या उद्घाटनाला पत्रकार जमलेले.

"शार्वी, आज शोभा झाली तर पीआरची नोकरी गेली समज," मालकीणबाई कडाडल्या.

शार्वीने ब्लाउजला सेफ्टी पिन टोचली आणि नटीला कॅमेऱ्यांपुढे ढकलून जाहीर केलं, "हुकं मुद्दाम उघडी ठेवलीत. यंदाची फॅशन!"

तासाभरात तशा ब्लाउजसाठी बायकांची झुंबड उडाली.

"पिनसुद्धा मिळेल ना गं?" एकीने विचारलं.

"पिन आमच्यातर्फे भेट, मॅडम," शार्वी गोड हसली. उद्या फाटकी बाही दिली तरी या बया मिरवतील, ती मनात म्हणाली.

संध्याकाळी मालकीणबाईंनी तिला तसलाच ब्लाउज दिला. "पीआरची प्रमुख आता तूच. पार्टीला हाच घाल."

शार्वीला तो अगदी मापात बसला, सगळी हुकंही लागली. मालकीणबाईंकडे पाठ करून ती म्हणाली, "तेवढी हुकं काढता का?"