चौकोनाबाहेर

"या मावशी, बसा! आज तरी नाव घ्या. उखाण्यात घेतलंत तरी चालेल!"

शाळेचं दप्तर पायाशी टाकून अपेक्षा कॉम्प्युटरसमोर बसली. बाबांच्या इंदुरीतल्या ऑनलाइन केंद्रात दुपारचं राज्य तिचं असायचं. कीबोर्डवर बोटं नुसती पळायची.

"गप ए. नाव घेतलं की आयुष्य कमी व्हतं त्यांचं." नंदाबाईंनी पदराची गाठ सोडून नवऱ्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स काढली. घडीवर फाटत आलेली. "कुटं असतील तितं जगू दे."

देहूरोडला कामावर जातो म्हणून घराबाहेर पडलेला माणूस परत आलाच नव्हता. तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी नंदाबाई इथे यायच्या, रेशनच्या साइटवर त्याचा नंबर टाकायला लावायच्या, अपेक्षाने वाचलेलं नाव कान भरून ऐकायच्या आणि जायच्या.

आज मात्र त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. "नीट बघ, पोरी. धाकल्या दिरानं कागद केल्यात म्हनं. माणूस मेला, नाव काढा म्हनून. जमिनीपायी." मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "नाव येतंय तवर माणूस हाय."

"येणार म्हणजे येणारच!" अपेक्षाने नंबर टाकला. नावाचा रकाना कोराच.

"न्हाई आलं?"

"अहो, मी अजून नंबराच्या चौकोनातच आहे. ही उभी रेघ लुकलुकतेय ना? ती चौकोनाबाहेर पडली की तिकडच्या मोठ्या कॉम्प्युटरला कळतं. मग तो नाव पाठवतो."

नंदाबाई रेघेकडे बघत राहिल्या. "एवढीशी रेघ. पन भायेर पडली की लगीच कळतं."

अपेक्षाने बटण दाबलं. रेघ बाहेर पडली. चक्र फिरलं, थांबलं.

*मयत. नाव कमी केले आहे.*

तिची बोटं जागच्या जागी राहिली. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. गाडी सुरू होत नव्हती.

"कोंडाजी श्रीपती गराडे!" अपेक्षा एकदम म्हणाली. नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. "आलं की, मावशी!"

एरवी नाव ऐकलं की नंदाबाई स्क्रीनला हात जोडून उठायच्या. आज उठल्या नाहीत.

"येरवी काळं येतं," त्या म्हणाल्या. "आज तांबडं हाय."

"ते ना, स्क्रीनचंच काहीतरी..."

"ऱ्हाऊ दे."

त्यांनी झेरॉक्स उचलली. घडी घातली, गाठ मारली, पुन्हा सोडून घट्ट मारली. जाताना अपेक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला. तिने मान वर केली नाही.

दारात चपला घालता घालता नंदाबाई थांबल्या. गावच्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता उन्हात मोकळा पडला होता.

"कोंडाजी," त्या म्हणाल्या. जीभ अडखळली, पहिल्यांदाच उच्चारलेल्या शब्दावर अडखळावी तशी.

मग रानातून कुणाला जेवायला हाक मारावी तसं, मोठ्याने, "कोंडाजी!"