लंकेला जायचा दाखला

"बाबा, तुमाले मले धाडाचंच नाही. सांगून टाका एकदाचं!"

आनंदी सोळा वर्षांची होती, आणि तिचं खरं आहे असं सगळ्या वॉर्डाला वाटत होतं. उन्हाळ्याचे दोन महिने सिलोनला जाऊन पाली शिकायची, बुद्धाची भाषा तिथल्या भिक्खूंपुढे बसून शिकायची, यासाठी मध्य प्रदेशातल्या बालाघाटातून तिची एकटीची निवड झाली होती. सगळा खर्च तिथल्या विहाराचा. अट एकच. मुलगी बौद्ध हवी, आणि तसा शाळेचा दाखला शनिवारपर्यंत नागपूरला पोचायला हवा. तिचा बाप डोमाजी महिनाभर रोज शाळेकडे जात होता आणि रिकाम्या हाताने परत येत होता. तो सांगायचा, कधी हेडमास्तर रजेवर, कधी शाळेचा कारकून बाबू तहसील कचेरीत, कधी कपाटाची किल्लीच हरवलेली.

बाकी तयारी झाली होती. आईने, अनुसयाबाईने, दोन पांढरी पातळं धुऊन ट्रंकेत घातली होती. आनंदी पालीतली वंदना एका दमात म्हणून दाखवायची. शेजारची शेवंताबाई ओट्यावरून चिडवायची, "लंकेत चालली ना पोरी? रावन भेटला तं आमचा जयभीम सांगजो."

डोमाजी मात्र हसत नव्हता. खरं तर सगळ्यांत जास्त छाती त्याची फुगायला हवी होती. छप्पन साली तीन वर्षांच्या आनंदीला खांद्यावर बसवून त्याने नागपूरला दीक्षा घेतली होती. परत येताच घरातले देव वैनगंगेत सोडले. सख्ख्या भावाने देव ठेवले, म्हणून तेरा वर्षं त्याच्या घरचं पाणी तोंडाला लावलं नाही. असा कडवा माणूस एका दाखल्यापायी कच खातो, हे कोणाला समजत नव्हतं.

गुरुवारी आनंदी स्वतःच शाळेत गेली. धाकटी बहीण सीता सहावीत जाणार होती, तिचा वजिफ्याचा, म्हणजे शिष्यवृत्तीचा, फॉर्मही आणायचा होता. बाबूने पाच मिनिटांत दाखला लिहून दिला. आनंदीने वाचला. धर्म, हिंदू.

"बाबूजी, गलती हो गई," ती म्हणाली.

बाबूने जुनं बाड सोडलं आणि तिच्या पहिलीच्या प्रवेशाचा कागद पुढे केला. दीक्षेनंतर तीन वर्षांनी भरलेला, आणि धर्मापुढे तेच, हिंदू. कागद फाटेल इतका दाब देऊन लिहिलेली मोठाली अक्षरं, प्रौढांच्या वर्गात शिकलेल्या माणसाची. बापाच्या याच हाताने तिला पाटीवर पहिला 'अ' काढून दिला होता. संतापाने तिचे कान तापले.

"बदल सकता है, बेटी," बाबू म्हणाला. "पिताजी दरखास्त दे दें. मगर वजीफा हिंदू हरिजनों का है. बौद्ध लिखाया, तो छोटी का वजीफा गया समझो."

घरी डोमाजी ओट्यावर बसला होता. तिच्या हातातला कागद पाहून त्याने मान खाली घातली.

"बौद्ध लिहलं असतं तं वजिफा नसता भेटला, तू पाचवीनंतर घरीच बसली असती," तो म्हणाला. "बौद्ध लिहाची दरखास्त खिशातच हाय, पोरी. महिनाभर शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन वापस येऊन राह्यलो. सीतेचं तोंड डोयापुढं आलं का पाय उचलत नाही."

आनंदी आत गेली. ट्रंकेतली पातळं काढून तिने आईच्या हातात दिली, झाकण लावलं आणि त्यावर सीतेचा फॉर्म ठेवून लिहायला बसली. नाव. वडिलांचं नाव. जन्मतारीख. पुढच्या रकान्यावर पेन थांबलं. मग बापासारखाच दाब देऊन, बापासारख्याच मोठ्या अक्षरांत तिने लिहिलं, हिंदू. बाहेर येऊन कागद डोमाजीपुढे धरला.

"सही करा, बाबा."