तिसरी खूण

नवऱ्याने बाटली, नळी आणि लाल पाणी घेऊन घरीच थर्मामीटर बनवला. बाटली बर्फात ठेवून त्याने नळीवर खालची खूण केली. मग बायकोने बाटली तळहातांत धरली, पाणी चढलं, तिथे दुसरी खूण झाली.

"आता ठेव कुठेही. पाणी उतरेल."

तिने बाटली मुद्दाम त्याच्या पहिल्या बायकोच्या खुर्चीवर ठेवली. ती बिचारी कधीच वारली होती, पण तिच्या खुर्चीवर तो अजून कुणाला बसू देत नसे. हिच्या डोळ्यांत ती खुर्ची सारखी खुपायची.

पाणी उतरलं नाही. हळूहळू चढत हिच्या खुणेच्याही वर जाऊन थांबलं.

"बिघडलंय काहीतरी," ती कशीबशी म्हणाली.

नवऱ्याने शांतपणे तिथे तिसरी खूण केली.

"नाही. तिचे हात तुझ्यापेक्षा गरमच असतात."