उजवीकडून निघालेली डावी धमनी

घाटपांडे सरांचं हृदय हातात घेतल्यावर डॉ. वृंदाला ते केवढंसं वाटलं. देहदानासाठी सरांनी हट्टानं हेच कॉलेज निवडलं होतं. जिला आपण नापास केलं तीच आता इथला शरीररचना विभाग चालवते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसावं.

तेव्हा तोंडी परीक्षेत समोरचं हृदय पाहून ती म्हणाली होती, "सर, याची डावी धमनी उजवीकडून निघालीये. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये चेंगरली तर माणूस धावता धावता जाईल."

"पुस्तकात दाखव! नाहीतर घरी जाऊन पोळ्या लाट," सर गरजले होते. दाराशी थांबलेली पोरं फिदीफिदी हसली होती.

सर टेनिस खेळताना कोसळले, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. चिमट्यानं चरबी बाजूला करताच तिचा हात थबकला. डावी धमनी उजवीकडूनच निघाली होती.

ते हृदय बरणीत घालून तिनं यंदाच्या तोंडी परीक्षेला मांडलं.

"मॅडम, डावी धमनी उजवीकडून निघालीये," एक मुलगी चाचरत म्हणाली, "पण पुस्तकात असं नाहीये."

वृंदानं बरणी स्वतःकडे वळवली. "काय सर, हिला पास करायचं ना?"