पिरोश्काच्या तक्रारी

पहिला घोट घ्यायच्या आधीच सांगून टाकायचं, असं मिलाडानं ब्रनोहून बुडापेस्टला निघतानाच ठरवलं होतं. पण बियरचे मग समोर आले, पिरोश्कानं बाह्या सावरल्या आणि मिलाडानं ते पुढे ढकललं.

सांगायचं तर एकच वाक्य होतं. पिरोश्काचा नवरा इम्रे, ज्याच्याशी तिची फारकत होऊन सहा वर्षं झाली होती, तो आता मिलाडाच्या घरी राहत होता. लिफ्ट दुरुस्तीच्या कामासाठी तो बुडापेस्ट सोडून ब्रनोला आला, तेव्हा ओळखीचा म्हणून मिलाडानंच त्याला खोली बघून दिली होती. ती खोली सोडून तो केव्हाच तिच्याकडे आला होता. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण सांगावं, म्हणून ती आली होती. फोनवर बोलण्यासारखं ते नव्हतं. मिलाडाला मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मैत्रीण म्हणावी अशी जगात ही एकच. तीच तुटली तर?

शेजारच्या टेबलावर जर्मन पोरांनी मगावर मग आपटून गलका केला. म्हातारा वेटर पुटपुटत निघून गेला.

"बघ, अजून राग धरून बसलाय," पिरोश्का हसली. "त्या ऑस्ट्रियन सरदारांनी आमचे हंगेरियन सेनापती फासावर चढवले आणि असेच मग आपटले म्हणे. पणजोबांच्याही आधीची गोष्ट. पण बियरचा मग आम्ही आजही आपटत नाही."

"मला कशाला सांगतेस? बालाटनच्या तळ्यावर यावरून किती भांडलोय आपण."

सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी तळ्याकाठी एक घर होतं. त्याच्या स्वयंपाकघरात दोघी पोरीबाळी असताना बटाटे सोलायला होत्या. मैत्री तिथली.

"तू मुद्दाम आपटायचीस," पिरोश्का म्हणाली. "म्हणायचीस, तुमच्या सेनापतींशी आम्हा झेक लोकांना काय करायचंय!"

मिलाडा कसनुसं हसली. धीर यावा म्हणून तिनं मग, या वेळी न आपटताच, छातीशी धरला आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. पिरोश्का आपला मग हातात धरून तिच्याकडे बघतच राहिली.

"तहान लागली होती वाटतं," ती म्हणाली आणि प्यायली.

सूप आलं. पिरोश्कानं चमचा बुडवला न बुडवला तोच तिचं तोंड सुरू झालं.

"आमचा इम्रे! रविवारी कोंबडीचं सूप नसलं की तोंड फिरवून बसायचा. त्यातही शेवया वेगळ्या शिजवायच्या. सुपात शिजवल्या की बोट घालून बाजूला काढणार. असला नखरेल मेला!"

मिलाडानं चमचा खाली ठेवला. सहा वर्षांत या बाईनं इम्रेचं नावही काढलं नव्हतं. आज नेमकं कसं आठवलं?

जेवून दोघी पूल ओलांडून किल्ल्यावर चढल्या. चर्चची रंगीत कौलं उन्हात चमकत होती, खाली नदीवर बोटी चालल्या होत्या. मिलाडा कठड्याला टेकली. इथं सांगावं, तिला वाटलं. इतक्या उंचावर माणसाचं मनही जरा मोठं होत असेल.

"पिरोश्का, ऐक ना..."

"या पायऱ्यांवर त्याला धाप लागायची," पिरोश्का म्हणाली. "छातीच्या गोळ्या घेतल्यास का विचारलं, की घेतल्या म्हणणार. साफ खोटं! डबी हातात घेऊन हलवून बघावी लागायची. असाच मरेल एक दिवस."

मरेल म्हणते! एवढा कडवटपणा अजून मनात आहे, तर आपली काय धडगत?

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही.

सकाळी पिरोश्का तिला गरम पाण्याच्या हौदावर घेऊन गेली. वाफेत दोन म्हातारे गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत होते. पिरोश्कानं त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं.

"हरला की दोन दिवस अबोला. समजूत काढायला जावं, तर तिसरा दिवसही जायचा. कॉफीचा कप नुसता शेजारी ठेवायचा आणि निघून यायचं. आणि घोरणं! उजव्या कुशीवर लोटला तरच थांबणार."

"अगं, पुरे की आता," मिलाडा कळवळून म्हणाली.

"का? कंटाळलीस?"

"नाही. पण झालं गेलं..."

"आणि सर्व संतांच्या दिवशी आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावायला पावसातही जाणार. डोक्याला टोपी नाही. मग आठवडाभर खोकला." पिरोश्कानं पाण्यावरून हात फिरवला. "त्या दिवशी मात्र त्याला एकट्याला सोडवत नाही."

मिलाडानं पाण्यात डुबकी मारली. डोळे लाल झाले तर ते पाण्यानं झालेत म्हणता आलं असतं.

दुपारी स्टेशनवर गाडी लागली. पिरोश्कानं घरून एक जड पिशवी आणली होती. मिलाडा डब्याच्या पायरीवर चढली आणि वळली. आता नाही सांगितलं तर कधीच नाही.

"पिरोश्का, मी मुद्दाम आले होते. इम्रे..."

"राहू दे गं. काल तू मग न आपटता मागे घेतलास तेव्हाच कळलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तो ब्रनोला गेल्याचं ठाऊक होतंच; आमची ही रीत तुला दुसरं कोण शिकवणार?" पिरोश्कानं पिशवी तिच्या हातात कोंबली. आत निळं, कडा झिजलेलं सुपाचं भांडं होतं. "त्याच्या आईचं आहे. माझ्याकडे नुसतं पडून होतं."

गार्डाची शिट्टी झाली. पिरोश्का गाडीबरोबर दोन पावलं चालली आणि ओरडून म्हणाली, "दोन दिवस घसा कोरडा केलाय मी. शेवया, गोळ्या, कॉफी, टोपी, सगळं लक्षात राहील ना? का पहिल्यापासून सांगू?"